त्या दुपारी मी बेटावरच होते

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता... आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचायचे. मी जालन्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त मशीनला लावायचं, जो आकडा येईल तो लिहायचा, आकड्याचा संशय आला तर पुन्हा लावायचा. भूतखेत, अंगात येणं, असलं काही मी कधीच मानलं नाही. आमचं गाव कुंभार पिंपळगाव. तिथे एखाद्या बाईच्या अंगात आलं की बाकीच्या बायका पाया पडायच्या आणि मी तिची नाडी मोजायला पुढे जायचे, इतकी मी आगाऊ. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे याचं मलाच विचित्र वाटतंय. पण एक वर्ष होऊन गेलं, आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही असं दिसतंय.

आधी घरची माणसं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नवरा प्रमोद, तो एका बियाणांच्या कंपनीत ऑफिसला आहे. मुलगी गार्गी, तेव्हा सातवीत होती. आणि माझे वडील, अण्णा. आई गेल्यावर अण्णांनी शेती बटईनं दिली आणि जालन्याला आले, पण आमच्या फ्लॅटमध्ये राहायला काही तयार झाले नाहीत. "लेकीच्या घरी चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी न्हाई," म्हणायचे. त्यांनी जुन्या जालन्यात दोन खोल्या घेतल्या. खाली धान्याचं होलसेल दुकान, बाजूनं अरुंद जिना, वर अण्णा. गल्लीत दिवसभर पोत्यांची चढउतार, रिक्षांचे हॉर्न... पण त्यांना तिथेच करमायचं. शेजारच्या खोलीत शकूमावशी राहतात. त्यांचं आमचं काही नातं नाही, पण दोन्ही वेळचं जेवण त्याच अण्णांना करून द्यायच्या. आम्ही त्यांना दर महिन्याला त्याचे पैसे देत होतो.

अण्णांना शुगर आहे, रोज सकाळी इन्सुलिन. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि हाताला कंप. इन्सुलिन शकूमावशी टोचायच्या, मीच त्यांना शिकवलं होतं. शुगर तपासायला मात्र मी एक दिवसाआड स्वतः जायचे. मशीन तिथेच कपाटात ठेवलेलं असायचं.

तर गार्गीला बेट बघायचं होतं. पुस्तकात प्रवाळाचा धडा होता तेव्हापासून तिचं चालू होतं. तिच्या मैत्रिणी गोव्याला वगैरे जाऊन आलेल्या. प्रमोद तसा हिशेबी माणूस, पण मुलीनं मागितलं की तोच आधी विरघळतो. त्यानं महिनाभर मोबाईलवर 'कमी खर्चात अंदमान' छाप व्हिडिओ बघितले आणि ठरवलं की एप्रिलच्या शेवटी, सीझन उतरल्यावर जायचं. जालन्याहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून पुन्हा रेल्वेनं चेन्नई, आणि फक्त शेवटचा टप्पा विमानानं, तेही कधीपासून बुक करून ठेवलेलं स्वस्तातलं तिकीट. पोर्ट ब्लेअरहून पुढे सरकारी बोट. मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू असा चार दिवसांचा डबा बांधून नेला होता. चेन्नई स्टेशनवर प्लॅटफॉर्मवर बसून धपाटे खाताना गार्गी म्हणाली, "आई, आपण खरंच बेटावर चाललोय का गं? हे तर गावाकडच्या जत्रेला चालल्यासारखं वाटतंय." आम्ही तिघं खूप हसलो होतो.

बेटाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांचं पोट येणाऱ्याजाणाऱ्यांवर चालतं आणि त्यांचा यात काही संबंध नाही. एवढंच सांगते की बेट अगदी छोटं आहे, भाड्याच्या सायकलवर अर्ध्या दिवसात सगळं फिरून होतं. एक बाजार, एक जेट्टी, भातशेती, सुपारीची आणि नारळाची झाडं. आम्ही एका बंगाली कुटुंबाच्या घरामागच्या बांबूच्या खोलीत उतरलो होतो. पंखा होता, एसी नव्हता, आंघोळीला विहिरीचं पाणी. घरमालकीण वरणभात द्यायची. मोबाईलला रेंज फक्त जेट्टीजवळ, तीही सकाळी. मी रोज सकाळी सायकल काढून जेट्टीवर जायचे आणि अण्णांना फोन करायचे.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, असाच फोन केला. अण्णा म्हणाले, "बिलकुल काळजी करू नको. इंजेक्शन झालं, नाश्ता झाला. तू समुद्र बघ." शकूमावशींना फोन द्या म्हटलं तर म्हणाले, "ती भांडे घासून राह्यली." नंतर कळलं ते असं, की त्या दिवशी मावशींची अंबडच्या कोर्टात तारीख होती. भावाबरोबरचा जमिनीचा जुना वाद. मला कळलं तर मी उगाच जिवाला लावून घेईन म्हणून दोघांनी मिळून लपवलं. मावशींनी सकाळी लवकर भाकरी-भाजीचा डबा करून फळीवर ठेवला, अण्णांना तीनतीनदा सांगितलं आणि साडेनऊची एसटी धरली.

इकडे आम्ही साडेअकराच्या सुमारास बेटाच्या टोकाच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. पाणी लांबवर आत गेलं होतं आणि खडकांमधल्या डबक्यांत प्रवाळ, खेकडे, निळे मासे दिसत होते. एक स्थानिक माणूस गाईड म्हणून फिरवून आणायचा, माणशी पैसे घ्यायचा. माझा गुडघा दुखत होता, खडकांवरून चालणं जमलं नसतं, आणि एका माणसाचे पैसेही वाचत होते. म्हणून मी म्हटलं, तुम्ही दोघं जाऊन या, मी सामानाजवळ बसते.

किनाऱ्यावर मोठी झाडं पाण्याकडे झुकलेली होती. सामान एका झाडाखाली ठेवलं, चपला तिथेच काढल्या आणि जरा पुढे जाऊन ओल्या वाळूत बसले, पाय ओहोटीनं मागे ठेवलेल्या एका डबक्यात सोडून. वीसेक पावलांवर एक शहाळीवाली बाई बसली होती. दुसरं कुणी नव्हतं. पाणी कोमट. ऊन होतं, पण झाडाची सावली माझ्यापर्यंत येत होती. मी अगदी सुखात होते हो... हे मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक विचारतात की काही टेन्शन होतं का, उपाशी होतीस का. नव्हते. पोटभर जेवले होते, नीट झोपले होते.

मग मी घड्याळात बघितलं. पावणेएक व्हायला आला होता. मनात आलं, अण्णांची जेवणाची वेळ. आणि त्याच क्षणी दुसरा विचार आला. विचार असा नव्हता की 'अण्णांना काही झालं असेल का'. विचार होता, 'मला आत्ता गेलं पाहिजे'. जसं शेजारच्या खोलीत जायचं असतं तसं.

यापुढचं मला काही आठवत नाही. झोप लागली असं नाही, स्वप्न पडलं असंही नाही. मध्ये काहीच नाही.

पुढची आठवण गार्गीच्या किंचाळण्याची. ती "आई! आई!" करत होती आणि प्रमोद मला खांद्याला धरून हलवत होता. भरती आली होती. त्यांनी सांगितलं, ते परत आले तेव्हा मी जिथे बसले होते तिथेच, तशीच बसलेली होते आणि पाणी माझ्या छातीच्या वर आलेलं होतं. लाटेचा प्रत्येक तडाखा तोंडावर येत होता, म्हणून मला ओढून वाळूवर आणलं. सव्वादोन वाजले होते. म्हणजे दीड तास.

शहाळीवाली घाबरून तिथेच उभी होती. हिंदीत म्हणत होती, "दीदी को कितना आवाज़ दिया. आँख खुली थी, सुना ही नहीं." ती माणसं बोलवायला धावणार इतक्यात हे दोघं आले होते.

मला थंडी वाजत होती. एप्रिलमध्ये, त्या कोमट पाण्यात, दात वाजत होते. मी सगळ्यांना सांगितलं की चक्कर आली असेल, ऊन लागलं असेल. प्रमोदही "हो हो" म्हणाला. तो माझ्याकडे नीट बघत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं, पण मला वाटलं घाबरलाय. संध्याकाळी फोन लावून बघितला, रेंज नव्हती.

शुक्रवारी सकाळी जेट्टीवर गेले. अण्णांनी लगेच फोन उचलला. आवाज खुशीत.

"पोचलीस का बराबर?"

"कुठे?"

"अगं, कुठे म्हंजे? तिकडं. काल तशीच गेलीस. चहा बी न्हाई घेतला."

मी म्हटलं, "अण्णा, मी तर इकडेच आहे. काल कुठे आले मी?"

ते हसले. "आता बापाला येड्यात काढती का? आल्तीस ना दुपारी. शुगर पाह्यलीस, साखरपाणी पाजलं..."

मला पहिली शंका आली ती मेंदूची. शुगर फार खाली गेली की माणूस बरळतो, भलतंच बघतो. म्हणजे काल त्यांची शुगर पडली होती, एवढं नक्की. मी शकूमावशींना फोन द्यायला सांगितला. मावशी रडायलाच लागल्या. "माझं चुकलं गं बाई, अंबडला गेल्ते मी. यायला साडेचार वाजले. अण्णांनी डबा उघडला सुद्धा नव्हता. पण आल्यावर बघितलं तर चांगले बसलेले व्हते. म्हणले, वैशू येऊन गेली. मला वाटलं, तू खरंच परत आलीस."

आमचे दोन दिवस अजून बाकी होते. आम्ही ते टाकून निघालो. बदललेल्या तिकिटांचं विमानभाडं काय पडलं ते सोडा. वाटेत प्रमोद एकदाही खर्चाबद्दल बोलला नाही.

जालन्याला उतरल्यावर घरी न जाता थेट जुन्या जालन्यात गेलो. रिक्षातून उतरते तोच दुकानाचे मुनीम ओट्यावरून म्हणाले, "ताई, गुरुवारी भर उन्हात अनवाणी कुठं पळत व्हत्या? मी हाक मारली, वळून बी न्हाई बघितलं. कपडे सगळे वल्ले तुमचे."  प्रमोदनं माझ्या दंडाला धरलं आणि जिन्याकडे नेलं.

अण्णा पलंगावर बसले होते. मी आधी कपाटातून शुगरचं मशीन काढलं. त्यात जुने आकडे वेळेसकट साठवलेले असतात. वेळ मीच लावली होती, ती पुन्हा तपासली, बरोबर होती. बटण दाबलं.

गुरुवार, बारा बावन्न. एक्केचाळीस.

गुरुवार, एक वाजून आठ मिनिटं. बहात्तर.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक्केचाळीस म्हणजे माणूस कधीही बेशुद्ध पडू शकतो. एकटा असेल तर उठतही नाही. आणि अशा वेळी साखर देऊन पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तपासायचं, ही रीत असते. ही मला माहीत आहे. अण्णांना नाही. मावशींनाही नाही, त्यांना मी फक्त इन्सुलिन शिकवलं होतं. तरीही मी अण्णांच्या हातात मशीन दिलं आणि म्हटलं, करून दाखवा. त्यांना पट्टीच्या डबीचं झाकणसुद्धा उघडता आलं नाही. दुसऱ्या एखाद्या दिवशी मला हे बघून वाईट वाटलं असतं. त्या दिवशी माझे हात गार पडले.

"अण्णा, काय काय झालं, सगळं सांगा."

त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. भूक नव्हती म्हणून पडले होते. घाम सुटला, डोळ्यापुढं अंधारी आली, हाक मारायला तोंड उघडेना. तेवढ्यात दार ढकलून मी आले. "निथळत व्हतीस. मला वाटलं, समुद्रावरून तशीच आलीस." मी बोट टोचलं, नेहमीचंच, डाव्या हाताचं तिसरं. साखरपाणी चमच्यानं पाजलं. पुन्हा टोचलं. मग जमिनीवर बसले, भिंतीला टेकून, दाराकडे बघत.

"काही बोलले नाही मी?"

"लई वेळ न्हाई बोललीस. मंग मीच म्हणलं, मी आता बरा हाय, जा, प्रमोदराव आन् लेकरू वाट बघत असतील." अण्णा थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू म्हणलीस, अण्णा, मला परत जायचा रस्ता माहीत न्हाई."

 खाली गाडीत पोती पडल्याचे आवाज येत होते.

"मंग?" प्रमोदनं विचारलं.

"मंग काय! मी उठलो. हिला जिन्यापर्यंत नेलं. म्हणलं, खाली उतर, डाव्या हाताला वळ, सरळ गेलीस की स्टेशनचा रस्ता लागतो. कुणाला बी इचार." त्यांनी हातानं डावीकडे दाखवलं, तसंच दाखवलं असेल. "लहानपणी बी हिला रस्ते लक्षात राहायचे न्हाईत. हात लई गार व्हता पोरीचा."

शकूमावशी दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या की, त्या दिवशी भिंतीजवळ पाणी सांडलेलं होतं. त्यांनी पुसलं, पण वाळल्यावर फरशीवर पांढरं पांढरं राहिलं. मीठ सांडल्यासारखं.

तुम्ही म्हणाल, छान झालं की. बापाचा जीव वाचला. सगळे नातेवाईक हेच म्हणतात. आत्यानं तर सत्यनारायण घालायला लावला. लेकीचं प्रेम, देवाची कृपा, असं बरंच काही. मीही तसंच समजायचा प्रयत्न केला आणि बऱ्यापैकी जमलंही होतं. अण्णांना आम्ही आमच्या फ्लॅटमध्ये आणलं, यावेळी त्यांनी वाद घातला नाही. मी रजा संपवून कामाला लागले. मेंदूचे फोटो काढून घेतले, झटक्याची शंका नको म्हणून मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. काही निघालं नाही.

मग दिवाळीच्या आसपास, एका रविवारी सकाळी आम्ही गॅलरीत चहा घेत होतो. प्रमोद एकदम म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलंय. सांगू की नको, कळत नाही."

मी म्हटलं, सांग.

म्हणाला, "त्या दिवशी तुला पाण्यातून बाहेर काढलं ना... तेव्हा तू लगेच शुद्धीवर नव्हतीस आलेली. तुला वाटतं बाहेर काढल्याबरोबर गार्गीच्या ओरडण्यानं तू जागी झालीस. तसं नाही. त्याच्या आधी पाच-सात मिनिटं तू वाळूवर बसलेली होतीस, डोळे उघडे. गार्गी तुझ्या गळ्यात पडून रडत होती. तू तिचे हात सोडवलेस. आणि मला विचारलंस, 'ही कुणाची मुलगी आहे?'"

त्याचा चहा तसाच राहिला होता.

"आवाज तुझाच होता," तो म्हणाला. "पण तू मलाही 'अहो' म्हणालीस. 'अहो, ही कुणाची मुलगी आहे, हिला घेऊन जा.' मग परत तुला धरून हलवलं, गार्गी जोरात किंचाळली, तेव्हा कुठे तू... म्हणजे तू."

मी गेली पंधरा वर्षं त्याला नावानं हाक मारते.

गार्गीला मी हे कधी विचारलं नाही. पण तिनं ते ऐकलं होतं, हे उघड आहे. त्या सुट्टीनंतर ती बरेच दिवस माझ्या कुशीत झोपायला येईना. मी म्हणायचे, मोठी झाली आता.

मी लॅबमधली बाई. एक नमुना दोनदा लावून बघणारी. या सगळ्याचे मी तुकडे करून बघितले. मुनीमांनी दुसऱ्याच कुणाला बघितलं असेल. अण्णांना भास झाला असेल. मावशींनी पुसलं ते साखरपाणीच असेल. माझी शुद्ध गेली असेल आणि त्या गुंगीत मी काहीतरी बरळले असेन. एकेक करून सगळं बसतं. फक्त मशीनमधले ते दोन आकडे बसत नाहीत. ते मी पुसलेले नाहीत. कपाटात आहेत. आणि समजा, मी कशीतरी तिकडे गेले होते असं मानलं, तर दीड तास इकडे पाण्यात जी बसली होती ती कोण? हे कुणाला विचारायचं, मला माहीत नाही. इथे कुणाला असं काही घडल्याचं माहीत असेल तर जरूर लिहा. 'देवाची कृपा' मात्र लिहू नका, ते ऐकून झालंय.

अण्णांची तब्येत आता बरी आहे. मोतीबिंदू काढला, दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. दिवसभर हॉलमधल्या खुर्चीत बसतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी कामावरून येते, कुलूप उघडते, पर्स ठेवते. ते टीव्हीचा आवाज बारीक करतात आणि माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघतात. मग रोज तेच विचारतात. घाबरून नाही, प्रेमानं विचारतात.

"वैशू, तूच ना?"

मी म्हणते, "हो अण्णा, मीच."

मग ते टीव्हीचा आवाज परत मोठा करतात. मी हातपाय धुवायला आत जाते, आणि बेसिनच्या आरशात बघायचं टाळते.